शॉक बसत नाही, म्हणून धोका नाही?

भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेचा धाक आपल्याला लहानपणापासून घातलेला असतो. ओल्या हाताने बटण दाबायचे नाही, प्लगमध्ये बोट घालायचे नाही, हे ऐकतच आपण मोठे होतो. बॅटरीबद्दल असे कोणी बजावत नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना कोरडे हात लावले तरी काही जाणवत नाही. त्वचेचा विद्युतरोध इतका मोठा असतो की एवढ्या कमी दाबाने शरीरातून म्हणण्यासारखी वीज वाहत नाही. हे खरे आहे. पण त्यावरून आपण जो निष्कर्ष काढतो, तो खोटा आहे. बारा व्होल्टची बॅटरी शॉक देत नाही, पण ती भाजते आणि आग लावते. तसे झाले नाही तरी ऐन गरजेच्या वेळी यंत्र बंद पाडू शकते. या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा ठरतात त्या पॅनेल किंवा बॅटरीवर नव्हे, तर त्यांना जोडणाऱ्या तारेवर आणि तारेच्या टोकाच्या जोडावर.

आरोग्याच्या सदरात तारांची चर्चा कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर आमच्या वॉर्डात आहे. सीओपीडी किंवा फुफ्फुसांच्या इतर जुनाट आजारांच्या काही रुग्णांना घरी दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन घ्यावा लागतो. २०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे यंत्र गावोगावी पोहोचले. कोणाकडे नेब्युलायझर आहे, कोणाकडे बायपॅप, कोणाच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन. या साऱ्यांना वीज लागते आणि वीज तर जाते. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा घरांनी दोन सौर पॅनेल, एक बॅटरी आणि एक इन्व्हर्टर बसवून घ्यावा, हे अगदी योग्य आहे. मात्र पॅनेल कोणते, बॅटरी किती अँपिअर-तासांची, याची चौकशी चार दुकानांत होते आणि तारेचा विषय ‘ती घालतो आम्ही’ या तीन शब्दांत संपतो.

आकडे काय सांगतात?

एक साधा हिशेब मांडू. मिनिटाला पाच लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट वीज घेतो. त्यात पंखे आणि दिवे धरून एकूण ५०० वॅट समजू. हीच वीज भिंतीतल्या २३० व्होल्टच्या जोडणीतून घेतली, तर तारेतून जेमतेम सव्वादोन अँपिअर प्रवाह वाहतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून घ्यायची, तर इन्व्हर्टरमधली तूट धरून सुमारे ५० अँपिअर लागतात. दाब कमी, म्हणून प्रवाह वीस-बावीसपट. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच जाडीच्या तारेत ती पाचशेपटीच्या आसपास जाते. जी तार भिंतीत वर्षानुवर्षे थंड राहते, तीच बॅटरीला लावली की तापते, ती यामुळे.

आता समजा, बॅटरी बाल्कनीत आहे आणि इन्व्हर्टर तीन मीटरवर आतल्या खोलीत. जाण्या-येण्याची मिळून सहा मीटर तार. दुकानात जिला ‘चार एमएम’ म्हणतात ती, म्हणजे चार चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार वापरली, तर ५० अँपिअरला त्या तारेतच सुमारे दीड व्होल्ट खर्च होतो आणि ७५ वॅट उष्णता तयार होते. बॅटरीच्या टोकांवर बारा व्होल्ट असतात, इन्व्हर्टरपर्यंत साडेदहाच पोहोचतात. अनेक इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास ‘बॅटरी संपली’ असे समजून बंद होतात. बॅटरीत वीज शिल्लक असते, पण रात्री दोन वाजता कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म वाजू लागतो. घरचे म्हणतात, बॅटरी खराब निघाली. दुकानदार ती बदलूनही देतो. दोष असतो तारेत, आणि तो तसाच राहतो.

त्याच जागी २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक केबल घातली, तर तूट पाव व्होल्टाच्याही खाली येते आणि उष्णता १२ वॅटवर. तारेची लांबी निम्मी केली, तर तूटही निम्मी. म्हणून पहिला नियम असा की इन्व्हर्टर बॅटरीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवावा. लांब न्यायचीच असेल, तर २३० व्होल्टची बाजू लांब न्यावी, बारा व्होल्टची नाही. दुसरा उपाय म्हणजे नवी व्यवस्था घेताना बाराऐवजी २४ व्होल्टची घेणे. प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारेतली उष्णता चौथाई. एक किलोवॅटच्या पुढे तर बारा व्होल्टच्या वाटेला न गेलेलेच बरे.

छपरावरची तार आणि बॅटरीची तार

इथे एक गफलत हमखास होते. छपरावर चार किंवा सहा चौरस मिलिमीटरची सौर केबल वापरलेली दिसते आणि तीच पुढे बॅटरीलाही पुरेल, असे वाटते. आजच्या ५४० वॅटच्या एका पॅनेलमधून तेरा-चौदा अँपिअरच प्रवाह येतो. दोन पॅनेल एकापुढे एक जोडली, तर दाब दुप्पट होतो, प्रवाह तेवढाच राहतो. त्यामुळे छपरावर चार एमएम पुरते. बॅटरीच्या बाजूला मात्र त्याच विजेचा प्रवाह तिप्पट-चौपट झालेला असतो.

छपरावरच्या तारेची कसोटी वेगळी आहे. तिला ऊन, पाऊस आणि तापलेला पत्रा वर्षानुवर्षे सोसायचा असतो. घरातल्या वायरिंगची साधी पीव्हीसी तार ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी असते. उन्हात तिचे आवरण काही वर्षांत कडक होऊन तडकते. सौर केबल त्यासाठी वेगळी मिळते. तिला दुहेरी आवरण असते आणि आतल्या तांब्याला कथिलाचा मुलामा असतो. आपल्या आज्या भांड्यांना कल्हई लावून घेत, तसाच हा प्रकार. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत उघडे तांबे हिरवे पडते, कल्हईचे तांबे टिकते. भारतीय मानक ब्यूरोचा या केबलसाठी स्वतंत्र मानक आहे, आयएस १७२९३. तो क्रमांक केबलच्या अंगावर छापलेला आहे का, ते पाहावे. तार पाइपातून न्यावी. पाइप उन्हासाठी हवा, तसा उंदरांसाठीही हवा.

आणखी एक कसोटी धातूची. बाजारात स्वस्त जाड केबल मिळते, तिच्यात ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता पातळ थर असतो. ॲल्युमिनियमची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते. दिसायला २५ असलेली केबल कामाला १५-१६ एवढीच. तारेतला एक धागा पात्याने खरवडून पाहावा. आत पांढरे दिसले आणि तार हाताला हलकी लागली, तर ती परत करावी. कल्हईचे तांबे वरून पांढरे असते, पण खरवडल्यावर आत लालच निघते.

जोड म्हणजे कमजोर नाडी

हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असतो तो बहुधा थोड्याच जागेत. बाकीची वाहिनी ठीक असली तरी झटका येतो. तारेचेही तसेच आहे. २५ चौरस मिलिमीटरची उत्तम केबल घातली आणि तिचे टोक नुसते पिळून बोल्टाखाली दाबले, तर सारा खर्च वाया. अशा सैल जोडाचा रोध समजा १० मिलिओहम आहे. ५० अँपिअरला तिथे २५ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॅटचे असते. आपण ते बॅटरीच्या डोक्यावर ठेवून झोपी जातो. उष्णतेने जोड काळवंडतो, काळवंडल्याने रोध वाढतो, रोध वाढल्याने उष्णता आणखी वाढते. हे चक्र आवाज करत नाही. फ्यूजलाही ते कळत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

उपाय अवघड नाही. केबलच्या टोकाला तिच्याच मापाचे कल्हई केलेले तांब्याचे लग, म्हणजे थिंबल, बसवायचे आणि ते क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबून घ्यायचे. पक्कड किंवा हातोडीने नाही. बॅटरीच्या केबलसाठी हायड्रॉलिक क्रिम्पर लागतो. तो वायरमनकडे नसेल, तर मोटार वाइंडिंगच्या किंवा केबलच्या दुकानातून लग दाबून आणता येतात. लग बॅटरीच्या टर्मिनलला थेट टेकला पाहिजे आणि वॉशर त्याच्या वर हवा. कित्येक ठिकाणी वॉशर मध्ये घातलेला दिसतो. पोलाद तांब्याच्या मानाने वीज कितीतरी कमी वाहून नेते, त्यामुळे अडथळा आपणच आणून ठेवल्यासारखे होते. बोल्ट किती आवळायचा, हे बॅटरीच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. लेड-ॲसिड बॅटरीचे टर्मिनल शिशाचे, म्हणजे मऊ असते. ताकद लावून ते तुटू शकते. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला की गंज लांबतो.

छपरावरच्या काळ्या जोडांना सगळेच ‘एमसी४’ म्हणतात. मल्टी-कॉन्टॅक्ट या स्विस कंपनीच्या जोडाचे हे नाव आता सर्रास सगळ्यांनाच लागले आहे. एका कंपनीची नर बाजू दुसऱ्या कंपनीच्या मादीत खटकन बसते, म्हणून ती चालते असे नाही. आतल्या धातूच्या मापात केसाएवढा फरक असला तरी संपर्क अपुरा राहतो आणि पाणी शिरते. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या हव्यात. पॅनेलबरोबर आलेला जोड वेगळा असेल, तर त्याच कंपनीची दुसरी बाजू मागवून घ्यावी. आणि ऊन असताना, प्रवाह चालू असताना हे जोड कधीही ओढून सोडवू नयेत.

डीसीची ठिणगी

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भिंतीतली वीज एसी असते. तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. बटण बंद करताना आत पडलेली ठिणगी त्या शून्याच्या क्षणी विझते. पॅनेल आणि बॅटरीची वीज डीसी असते, तिला असा क्षण नाही. तुटलेल्या जागी ठिणगीची कमान पेटलेली राहू शकते आणि तिच्या उष्णतेपुढे प्लास्टिक टिकत नाही. म्हणून घरातली साधी बटणे, प्लग आणि एसीचे एमसीबी डीसीच्या बाजूला चालत नाहीत. एमसीबीवर ‘डीसी’ आणि किती व्होल्टपर्यंत, हे छापलेले हवे. काही डीसी एमसीबींवर अधिक-उण्याच्या खुणा असतात. ते उलटे जोडले, तर ऐन वेळी ठिणगी तोडू शकत नाहीत.

फ्यूजबद्दलही एक समज दूर करायला हवा. फ्यूज इन्व्हर्टरच्या रक्षणासाठी नसतो, तो तारेच्या रक्षणासाठी असतो. घरगुती बॅटरीची दोन टोके चुकून एकमेकांना जोडली गेली, तर ती क्षणात हजारो अँपिअर देऊ शकते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरात हवा. इन्व्हर्टरजवळ लावला, तर मधली सारी तार उघड्यावर राहते. फ्यूजचा आकडा नेहमीच्या प्रवाहापेक्षा जास्त आणि केबलच्या क्षमतेपेक्षा कमी असावा. आपल्या उदाहरणात, ५० अँपिअर आणि २५ चौरस मिलिमीटरच्या केबलला, ६३ किंवा ८० अँपिअरचा डीसी फ्यूज ठीक. तो वितळला, म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे तापाचे कारण न शोधता थर्मामीटर फोडण्यासारखे आहे.

जखमा कशा होतात?

बॅटरीजवळच्या दुखापती तीन प्रकारच्या असतात. पहिली, धातूने होणारी. पान्हा अधिक टोकावर असताना हातातली अंगठी किंवा कडे दुसऱ्या टोकाला टेकले, की तो दागिना काही सेकंदांत तापून लाल होऊ शकतो. मग बोटाभोवती पूर्ण वर्तुळात खोल भाजते. सूज आल्यावर बोटाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. काम करणाऱ्याने अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवावी आणि पान्ह्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. जोडणी सोडवताना आधी उणे टोक, लावताना उणे टोक शेवटी.

दुसरी, डोळ्याची. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. सैल जोडाच्या ठिणगीने तो पेटला, तर बॅटरी फुटते आणि सल्फ्युरिक ॲसिड तोंडावर उडते. अशा वेळी तिथल्या तिथे, नळाच्या किंवा तांब्याच्या पाण्याने डोळा उघडा धरून निदान वीस मिनिटे धुवावा. डॉक्टरांकडे निघायची घाई त्यानंतर. भाजलेल्या जागेवरही वीस मिनिटे वाहते साधे पाणी घालावे. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यातले काही नको. अंगठी-बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात.

तिसरी, धुराची. आगीत ज्वाळांपेक्षा धुराने अधिक जीव जातात. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. झोपलेल्या माणसाला त्याचा वास येत नाही. म्हणून बॅटरी पलंगाखाली, जिन्याखाली किंवा घराच्या एकुलत्या दाराजवळ ठेवू नये. आग लागली तर पाणी मारत उभे राहण्यापेक्षा माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे आणि १०१ वर फोन करावा.

घरात ऑक्सिजन असेल, तर ही काळजी दुप्पट. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भडकवतो. रुग्णाच्या कपड्यांत आणि पांघरुणात तो मुरलेला असतो. अशा खोलीतली लहानशी ठिणगी लहान राहत नाही. बॅटरी, इन्व्हर्टर आणि त्यांचे जोड रुग्णाच्या खोलीत नसावेतच. शिवाय भ्रम नको. १५० अँपिअर-तासांची बारा व्होल्टची एक लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापर्यंत वापरली, तर आपले ५०० वॅट दीडेक तास चालतात, रात्रभर नाही. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात हवाच.

कोणी काय करावे?

पंतप्रधान सूर्यघर योजनेत २०२४ पासून छपरावरच्या सौर संचाला कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. त्या व्यवस्था वीजजाळ्याला जोडलेल्या असतात. तिथे यादीतले विक्रेते असतात, तपासणी असते, नेट मीटर असतो. दुकानातून आणून बसवलेल्या लहान बॅटरी-संचाला मात्र सहसा कोणी बघायला येत नाही. तिथे घरमालक हाच निरीक्षक. त्याने बिलावर चार गोष्टी लिहून मागाव्यात. केबल किती चौरस मिलिमीटरची आणि कोणत्या धातूची, तिचा मानक क्रमांक, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे, आणि जोड कोणत्या हत्याराने दाबले. या चार ओळी लिहायला जो का-कू करतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नये. एकूण खर्चात तार, लग आणि फ्यूज यांचा वाटा थोडाच असतो. तिथे वाचवलेले पैसे सर्वांत महाग पडतात.

महिनाभराने सारा भार अर्धा तास चालू ठेवून प्रत्येक जोडाजवळ आवरणावरून हाताची मागची बाजू धरून पाहावी. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर भार बंद करून वायरमनला बोलवावे. पुढे दर सहा महिन्यांनी हेच.

आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचे अभ्यासक्रम चालतात. त्यात कमी दाबाच्या, जास्त प्रवाहाच्या डीसी जोडणीचा हाताने करायचा सराव भरपूर असला पाहिजे. आपली निम्मी काळजी तिथेच मिटेल. आमच्या बाजूनेही एक काम करता येईल. ऑक्सिजनवर घरी जाणाऱ्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर आम्ही औषधे, लिटर आणि तास लिहितो. त्याखाली आणखी एक ओळ लिहावी: वीज गेल्यावर यंत्र कशावर चालणार, आणि ती जोडणी कोणी तपासली? नातेवाइकांना हा प्रश्न वॉर्डातच विचारला गेला, तर रात्री दोन वाजता वाजणारे काही अलार्म तरी टळतील.